एकाच बाजूची चूक

तांगडे साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं, कूलर पूर्ण वेगावर केला आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. कूलरच्या घरघरीत आपलं बोलणं बाहेर जाणार नाही, याची खात्री झाल्यावरच त्यांनी तोंड उघडलं.

"मॅडम, तुम्ही इथं प्रोग्रामची नवीन आवृत्ती बसवायला आलात. बाहेर कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं."

"आणि खरं काय आहे?"

"खरं शोधायलाच तर तुम्हाला बोलावलं."

त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यावर सोयाबीनच्या सहा लॉटचे नंबर होते. प्रत्येकापुढे उगवणीचा आकडा. अठ्ठावन्न, त्रेसष्ठ, एकसष्ठ, असेच सगळे. आणि प्रत्येकापुढे निकाल होता, पास.

हे जालन्याला घडलं, मे महिन्यात. मी तेव्हा औरंगाबादच्या एका दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. बियाणं तपासणाऱ्या या खासगी प्रयोगशाळेला आमच्याच कंपनीने प्रोग्राम करून दिला होता. मी कंपनीत लागायच्या आधीचं काम होतं ते. मला फक्त त्याची दुरुस्ती बघावी लागे. प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं आहे. ओल्या कागदाच्या गुंडाळीत मोजून दाणे ठेवायचे, आठवड्याभराने गुंडाळी उलगडायची आणि किती उगवले ते बघायचं. सोयाबीन असेल तर शंभरात सत्तर तरी उगवले पाहिजेत. तेवढे नसतील तर तो लॉट बाजारात जाता कामा नये.

तांगडे साहेब तिथले व्यवस्थापक. पन्नाशीचे, काटक, सारखे चष्मा पुसणारे.

"सत्तरच्या आत उगवण आणि निकाल पास?" मी विचारलं. "दाखल्यावर सही करताना कुणी पाहत नाही?"

"दाखले खाली ऑफिसात छापले जातात. आमच्या संचालक सरांसमोर गठ्ठा येतो. ते निकाल बघतात आणि सही करतात. सीझनच्या दिवसांत आकडा कोण वाचत बसतं? एका व्यापाऱ्याने वाचला म्हणून हे कळलं. मग मी मागचं सगळं चाळलं तर आणखी पाच निघाले." त्यांनी आवाज अजून खाली आणला. "सहाच्या सहा नोंदी एकाच मशीनवरून झाल्यात. एकाच बाईच्या नावाने."

"कोण?"

"घुगे बाई. सुलक्षणा घुगे. आमची सगळ्यात जुनी अ‍ॅनालिस्ट. आणि बाईंच्या दिराचं मंठ्याला बियाण्याचं दुकान आहे."

एवढं बोलून ते मागे टेकले. पुढचं मीच समजून घ्यावं, असा त्यांचा भाव होता.

निघण्यापूर्वी आमच्या कंपनीच्या कुंटे सरांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. प्रोग्रामची चूक आंधळी असते, म्हणाले. ती दोन्हीकडे पडते. पासचे नापास होतील, नापासचे पास होतील. चूक एकाच बाजूला पडत असेल तर कोडमध्ये डोकं घालू नकोस, माणूस शोध. मी कागद पुन्हा पाहिला. नापासाचे पास झालेले सहा. पासाचा नापास झालेला एकही नाही.

घुगे मॅडमचं टेबल हॉलच्या टोकाला, उगवणीच्या थंड कपाटांजवळ होतं. चाळिशीच्या, उंच, आवाज हळू. मी नवीन आवृत्तीचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि शेजारची खुर्ची रिकामी करून दिली. दुसरं काही विचारलं नाही. मला ते खटकलं. ज्याच्या मनात काही नसतं तो चार प्रश्न तरी विचारतो.

मी त्यांच्या मशीनवरच्या प्रोग्राममध्ये गुपचूप चार ओळी वाढवल्या. स्क्रीनवर निकालाची एक चौकट होती. ती उघडली की खाली तीन शब्द येत, 'बाकी', 'नापास', 'पास', आणि त्यातला एक निवडायचा. निकाल आकड्यावरून आपोआप का ठरत नव्हता, असं कुणी विचारेल. उगवणीबरोबर ओलावा, शुद्धता, किडके दाणे असं बरंच पाहून अ‍ॅनालिस्टने स्वतः निकाल निवडायचा, अशी प्रयोगशाळेचीच मागणी होती. त्या चौकटीत काहीही बदललं किंवा तिथे माउसचं बटण दाबलं की त्याची खूण एका लपवलेल्या फाइलमध्ये पडावी, एवढंच मी केलं आणि शेजारी बसून दुसरंच काम करत असल्यासारखं दाखवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल उघडली. सकाळच्या नोंदींत एक नापास लॉट होता. घुगे मॅडमनी 'नापास' निवडलं होतं. त्यानंतर काही क्षणांत ते 'पास' झालं होतं आणि नोंद तशीच जतन झाली होती. चौकटीत दुसऱ्यांदा माउसचं बटण दाबल्याची खूण कुठेही नव्हती. म्हणजे कीबोर्ड. खालच्या बाणाची कळ एकदा दाबली की 'नापास'चं 'पास' होतं. ना आवाज, ना हालचाल. शेजारच्यालाही कळणार नाही.

आणि शेजारी मी बसले होते.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन कुंटे सरांना फोन लावला.

"म्हणजे सापडली," ते म्हणाले. "आता एकदा डोळ्यांनी बघ आणि मग तांगड्यांना सांग. नुसत्या फाइलवर जाऊ नकोस. उद्या म्हणतील, फाइल तुम्हीच बनवली."

मी परत आले तर घुगे मॅडम दोन कप चहा घेऊन बसल्या होत्या. एक माझ्यापुढे ठेवला.

"नवीन आवृत्ती बसवायला दोन दिवस माझ्याच टेबलाशी लागतात का?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी सांगायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं.

"तांगडे साहेब यादी टेबलावर उघडी टाकून जेवायला जातात. मी वाचलीय ती. तुम्हाला दिराच्या दुकानाचंही सांगितलं असेल."

"सांगितलं."

"मग सरळ विचारा ना. असं चोरून बघत बसण्यापेक्षा ते बरं."

मी कप खाली ठेवला. "घुगे मॅडम, तुम्ही निकाल बदलता का?"

त्या कपाटाच्या काचेकडे बघत होत्या. आत कागदाच्या गुंडाळ्या ओळीने उभ्या होत्या.

"त्या सहांपैकी एकही मी बदललेला नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुणी बदलला?"

"ते मला माहीत असतं तर मी गप्प बसले असते का?"

आवाज स्थिर होता, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ही बाई खोटं बोलतेय, असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं. सकाळची खूण माझ्या फाइलमध्ये होती, आणि तिने नजर चुकवली होती. अजून काय हवं?

त्यानंतर मी लपवाछपवी सोडली. खुर्ची वळवली आणि सरळ त्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसले. बाणाची कळ दाबायची तर हात कीबोर्डवर जायला हवा. त्या एकामागून एक नोंदी करत होत्या. एक पास झाला, दुसरा पास झाला. मग बासष्ठचा एक लॉट आला. त्यांनी चौकट उघडून 'नापास' निवडलं. डावा हात मांडीवर होता. मी स्क्रीनकडे पाहिलं. चौकटीत 'पास' होतं.

"थांबा," मी म्हटलं. "हात तसाच ठेवा. हलू नका."

त्या दचकून थांबल्या. माझं सगळं लक्ष डाव्या हाताकडे होतं, आणि काम उजव्या हाताने केलं होतं. त्यांचं मधलं बोट माउसच्या मधल्या चाकावर होतं.

"हे काय केलंत आत्ता?"

"काही नाही. पान खाली सरकवत होते. ते जतन करायचं बटण खाली आहे ना."

"आणि सरकलं का?"

"नाही सरकत कधी कधी. मग मी बाजूची पट्टी ओढते. नेटवर चाकाने पान सरकतं, इथं सरकेल तर सरकेल म्हणून सवयीने फिरवते."

"मॅडम, वर चौकटीत बघा."

त्यांनी पाहिलं.

"मी नापास निवडलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. मी पाहिलं."

शब्द निवडला तरी प्रोग्रामचं लक्ष त्या चौकटीवरच राहत होतं. त्यांनी चाक फिरवलं की पान जागचं हलत नव्हतं, पण चौकटीतला शब्द एक घर खाली घसरत होता. त्यांची नजर तेव्हा खालच्या बटणावर असायची. ती नोंद आणि सकाळची जतन झालेली, दोन्ही आम्ही दुरुस्त केल्या. मग मी माउस माझ्याकडे घेतला, रिकामी नोंद उघडली आणि पुन्हा पुन्हा करून बघितलं. 'नापास' निवडायचं, चाक खाली, 'पास'. 'पास' निवडायचं, चाक खाली, 'पास'च. कारण यादीत त्याच्याखाली काही नव्हतंच. घसरायला जागा होती ती फक्त नापासाला.

"हा माउस कधी मिळाला तुम्हाला?"

"मार्चमध्ये. जुना बिघडला म्हणून. चाकाचा माझ्याकडेच आहे. बाकीच्यांकडे दोन बटणांचेच आहेत."

सहाही नोंदी मार्चनंतरच्या होत्या.

तांगडे साहेबांना बोलावून मी त्यांच्याच हातात माउस दिला. त्यांनी स्वतः 'नापास' निवडलं, चाक फिरवलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा फिरवलं. नंतर ते घुगे मॅडमना काहीतरी म्हणायला गेले, पण नुसतीच मान हलवून केबिनमध्ये निघून गेले.

दुरुस्ती करायला मला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. चाक फिरलं तर चौकटीने दुर्लक्ष करावं, आणि उगवण सत्तरच्या खाली असताना 'पास' निवडलं तर प्रोग्रामने थांबून विचारावं, एवढंच करायचं होतं. मग मी अहवाल लिहायला घेतला. फार हलकं वाटत होतं. दोन दिवस ज्या बाईला मी चोर समजत होते ती निर्दोष निघाली, आणि ते सिद्ध करणारी मीच होते.

अहवालाला पुरावा हवा म्हणून मी प्रोग्रामचा स्वतःचा इतिहास काढला. जतन झालेली नोंद नंतर कुणी उघडून बदलली तर जुनी किंमत त्यात राहते. सहा लॉटच्या नोंदी तिथे नव्हत्या. असणारही नव्हत्या, कारण त्या जतन होण्याआधीच बदलल्या होत्या. पण एप्रिलमधली एक वेगळीच नोंद तिथे होती. घुगे मॅडमच्या नावाने. आधी उगवण एकसष्ठ, निकाल नापास. दुसऱ्या दिवशी नोंद पुन्हा उघडलेली. उगवण बहात्तर, निकाल पास.

हा लॉट तांगड्यांच्या यादीत नव्हता. कसा असेल? बहात्तर आणि पास यात कुणाला खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

चाक शब्द बदलू शकतं. आकडा टाइप करावा लागतो.

हॉल रिकामा होत होता. घुगे मॅडम पर्स खांद्याला लावून निघाल्याच होत्या, तेव्हा मी त्यांना हाक मारली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी वाचलं आणि पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"हे चाकाने होत नाही," मी म्हटलं.

"नाही."

"मग?"

"किती वाजता भेटायचंय उद्या सरांना?"

"दहाला."

"ठीक आहे," म्हणून त्या गेल्या. पायऱ्या उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू येत होता. आणि मला दुपारचं वाक्य आठवलं. त्या सहांपैकी एकही मी बदललेला नाही. सहांपैकी.

रात्रभर मी नाना शंका काढल्या. तो लॉट दिराच्या दुकानात गेला असेल का? चाकाची गोष्ट तिला आधीच माहीत असेल का, आणि त्याच्या आडून तिने आपलं एक काम उरकलं असेल का? सकाळपर्यंत ती राजीनामा टाकून मोकळी होईल का? सकाळी मी अहवालात सहा लॉट लिहिले आणि सातव्याचा वेगळा कागद काढून त्याच फाइलमध्ये मागे लावला.

डॉक्टर जेवळीकर प्रयोगशाळेचे संचालक. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, धिप्पाड, कमी बोलणारे. घुगे मॅडम माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी चाकाचं सगळं समजावून सांगितलं. सरांनी दोन प्रश्न विचारले, फाइल हातात घेतली आणि पहिलं पान वाचलं.

"सहाही लॉट परत मागवा," ते तांगड्यांना म्हणाले. "जे विकलं गेलं असेल तिथं बदलून द्या. आपल्या प्रयोगशाळेची चूक आहे, आपणच निस्तरायची." मग घुगे मॅडमकडे वळले. "बाई, तुमच्यावर संशय घेतला गेला. मला वाईट वाटतं."

"माझ्यामुळेच झालं ते," तांगडे म्हणाले. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. "दिराचा विषय मी काढायला नको होता. बाई, मनात ठेवू नका."

सर फाइल मिटायला लागले. मागचं पान त्यांनी पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

"सर, अजून एक—"

"मी सांगते," घुगे मॅडम म्हणाल्या. "सर, हे सहा माउसने केले. एक मी केलाय."

कूलर बंद होता. बाहेर ट्रकवर पोती टाकल्याचा आवाज तेवढा येत होता.

"काय केलंय?" सरांनी विचारलं.

"एप्रिलमध्ये दोन दिवस लाइट गेली होती आणि जनरेटर सुरू झाला नाही. कपाट तापलं. गुंडाळ्या उलगडल्या तर बुरशी चढली होती. मोजले तर एकसष्ठ. पण दाणा चांगला होता सर. मी बावीस वर्षं दाणा बघतेय. ती चाचणीच बाद करायला पाहिजे होती, पुन्हा लावायला पाहिजे होती. कंपनीचा माणूस रोज दारात येत होता, ट्रक उभा होता. मी एकसष्ठचे बहात्तर केले."

"दिराच्या दुकानात गेला तो लॉट?" हा प्रश्न तांगड्यांनीच विचारला, आत्ताच माफी मागितलेल्या तोंडाने.

"नाही. नांदेडकडे गेला. तुम्ही तपासा. तपासायलाच पाहिजे."

"कंपनीने काही दिलं?"

"चहासुद्धा नाही."

"मग कशासाठी केलंत?" सर म्हणाले.

"मला वाटलं, मला कळतंय." त्यांनी तांगड्यांकडे पाहिलं. "यादी पाहिली तेव्हा आधी वाटलं, हाच लॉट पकडला असेल. त्यात नव्हता. बाकीचे सहा होते, आणि ते कसे झाले ते मलाच कळत नव्हतं. मग असंही वाटायला लागलं की एक केलाय म्हटल्यावर आपल्यालाच आठवत नसेल, तेही आपणच केले असतील."

सरांनी फाइल पुन्हा उघडली आणि या वेळी मागचा कागद वाचला. वाचून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"काल संध्याकाळी कळलं, सर."

घुगे मॅडमनीही तो कागद पाहिला. "तुम्ही लावलाच होता," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. कुणाकडे पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात.

"हो."

सरांनी त्या लॉटची विक्री थांबवायला फोन लावला. प्रत्येक लॉटचा थोडा नमुना प्रयोगशाळेत राखून ठेवलेला असतो. त्याची चाचणी नव्याने लावायची आणि ती तांगड्यांनी स्वतः लावायची, असं ठरलं. निकाल येईपर्यंत घुगे मॅडमनी घरी थांबायचं. त्या उठल्या, आपल्या टेबलावरची चष्म्याची डबी आणि जेवणाचा डबा घेतला आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेल्या. मी दुपारच्या गाडीने औरंगाबादला परतले. कुंटे सरांनी चाकाची गोष्ट ऐकली आणि कंपनीच्या सगळ्या प्रोग्राममध्ये ती दुरुस्ती करायला लावली. माणूस शोध, हे त्यांनी मला परत कधी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तांगड्यांचा फोन आला. ते रस्त्यावरून बोलत होते.

"मॅडम, राखीव नमुना मोजला. अठ्ठ्याहत्तर आले."

"अठ्ठ्याहत्तर?" मी खुर्चीवरून उठले. "म्हणजे दाणा चांगलाच होता."

"दोनदा मोजलं. मला वाटलं, आपणच कुठं चुकतोय. मग सरांना दाखवलं. त्यांनीही मोजलं."

"घुगे मॅडमना कळवलंत?"

"त्यांच्याच घरून निघालोय आत्ता. म्हटलं फोनवर नको, समोर जाऊन सांगावं." पलीकडून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत ते थांबले. "मी म्हटलं, बाई, तुमचंच बरोबर होतं. बहात्तरसुद्धा तुम्ही कमीच लिहिले होते."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, साहेब, मी लिहिले तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

मी परत खुर्चीत बसले.

"परत येतायत ना?" मी विचारलं.

"सर म्हणाले, या. पण या सीझनला नोंदी दुसरं कुणी करेल, तुम्ही फक्त मोजायचं. मला वाटलं, बाई नाही म्हणतील. एवढ्या जुन्या. तर म्हणाल्या, सोमवारपासून येते."

"आणि नोंदी कोण करणार?"

"मीच," तांगडे म्हणाले. "त्या मोजून आकडा सांगतील, मी टाइप करीन. शेजारी खुर्ची लावून."